आईने साहेबांना खरं सांगितलं

आमच्या आईचं ऐका. ती धुळ्याजवळ एका मोठ्या औषध कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनी बंद पडायला आली, तेव्हा मुंबईहून नवे साहेब आले. मॅनेजरने आधीच बजावलं होतं, "विचारलं तर सगळं छान आहे म्हणा."

साहेबांनी नेमकं आईला विचारलं, "आपल्या गोळ्या घरी घेता का?"

आई माझ्यासारखीच लाजाळू, पण म्हणाली, "नाही साहेब. पाकिटातून काढतानाच फुटतात."

नोकरी गेलीच, असं तिला वाटलं. साहेबांनी स्वतः एक गोळी काढली, तर हातात भुगा आला. सुधारणा तिथूनच सुरू झाली. कंपनी सावरली, आणि पॅकिंग तपासायला त्यांनी आईलाच नेमलं.

आता ती घरीही विचारते, "भाजी कशी झालीय? खरं सांगा."

भाजी खारट असते. आजोबा माझ्याकडे बघत मॅनेजरचंच वाक्य अहिराणीत म्हणतात, "बठ्ठं छान शे!"