काजूचा केक आणि धुराडं

विलेमस्टाड या बेटावरच्या शहरात बसथांब्यावर रांगेत माझ्या पुढे दोन शेजारणी उभ्या होत्या. ओर्नेलियाच्या हातात केकचा डबा होता, मागालिसच्या हातात छत्री.

"ओर्नेलिया, रिफायनरीचा धूर बंद होऊन वर्षं लोटली, आणि तू अजून कपडे घरातच वाळवतेस?"

"सवय गं. बाहेर टाकले की काजळीचे ठिपके पडायचे."

"म्हणून तर मोर्चात तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता."

"मी धूर बंद करा म्हणत होते. त्यांनी कारखानाच बंद केला."

"आणि आज कुणी नवं गिऱ्हाईक कारखाना विकत घ्यायला म्हणून बघायला येणार, तर तू त्याला केक घेऊन निघालीस."

"काजूचा आहे."

"मागच्या गिऱ्हाइकालाही काजूचाच दिला होतास. तो खाऊन गेला, तो परत फिरकला नाही."

"याला अर्धाच देणार. उरलेला धुराडं पेटल्यावर."

"पेटलं तर तुझे कपडे पुन्हा काळे."

"होऊ देत. पोरं परत येतील, दोरी तरी भरेल. इथं काम नाही म्हणून तिघंही हॉलंडला जाऊन बसलीत. आता माझा एकटीचा झगा असतो, तो काय गल्लीला दाखवत बसू?"

"बस आली. डबा सरळ धर."