साखळीएवढं दार

— नाही, साखळी नाही काढणार. राग मानू नका भाऊ, पण काय बोलायचं ते एवढ्या फटीतूनच बोला. गॅस कंपनीतून आलात, मीटर तपासायचाय — ऐकलं की, बहिरा नाही झालो अजून. पण चिठ्ठी कुठाय? आधी चिठ्ठी येते, अमक्या दिवशी माणूस येईल म्हणून, मग माणूस येतो. आणि घरवाला म्हणाला आज नको, तर दुसरा दिवस द्यायचा — मीटर कंपनीचा असला तरी घर त्याचं. हे मला काय शिकवता? एकतीस वर्षं घरोघरी मीटर वाचलेत मी! निळा शर्ट दिसला की लोक सरळ स्वयंपाकघरात नेत. कार्ड मागणारी एकच भेटली, एक शिक्षिका. तेव्हा असा राग आला होता तिचा! आता वाटतं, बाईचे पाय धरावेत.

हो, घाबरलोय. त्यात लाज कसली? मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींकडे असाच एक आला, कंपनीचा शर्ट घालून. बांगड्या ओरबाडल्या आणि जाताना ढकललं, खुबा मोडला बिचारीचा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मला का म्हणजे? — जाऊ दे, तोंडातून निघालंच आहे तर ऐका. निवृत्त होताना शर्ट परत करायचे असतात. मी चार दिले, पाचवा फाटला म्हणून सांगितलं. फाटला कसला, खिशाला भोक पडलेलं, ते बायकोने हिरव्या दोऱ्याने शिवलेलं — निळा संपला होता म्हणे — मी केवढा चिडलो होतो! पण देववला नाही. आणि यंदा कपाट आवरताना तोच शर्ट जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधून देऊन टाकला. ती म्हणत होती, अहो, कंपनीचा बिल्ला तरी उसवा. म्हटलं, कोण बघतंय! आता रोज मनाची समजूत घालतो — असे शर्ट ढिगाने असतील, तो माझाच कशावरून?

असो. कार्ड दाखवा. फोटोवरचा अंगठा काढा ना — काय? वेळ नाही? गळती? आमच्याच घरात गळती आहे? अरे देवा, मग चिठ्ठीबिठ्ठी काही नको, गळतीला दार उघडावंच लागतं, तो नियमच आहे. थांबा हां, उघडतो. आधी बायकोला बाहेर काढायला हात लावा, तिला पलंगावरून उठता येत नाही हो, मुलगा संध्याकाळशिवाय येत नाही, आम्ही दोघंच असतो दिवसभर, ही साखळी पण मेली अडकते — थांबा. एक मिनिट थांबा.

तुम्ही बेल वाजवलीत. दोनदा. गळतीच्या घराची बेल वाजवत नाही कोणी, बटणात ठिणगी पडते — हाताने दार ठोठावायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. तुम्हाला नाही शिकवलं?

मुलगा घरात आहे. मघाशी चुकून बोललो मी, वय झालं, जिभेला हाड नाही. आतच आहे, चांगला धिप्पाड आहे. आणि कंपनीचा नंबर पाठ आहे मला, फोन लावून विचारतो. खऱ्या माणसाचं काय जातं थांबायला? आम्ही थांबायचो. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा, मी — छातीवर हात कशाला धरलाय? मघापासून बघतोय. खाली घ्या तो हात. घ्या म्हणतो ना.

हिरवा दोरा.

अगं, ऐकतेस का — फोन उचल, तुझ्या उशाशी आहे बघ, हात पोचतो तुझा, पोचव गं — नाही, तुमच्याशी नाही बोलत मी. तुम्ही जा. पाय काढा. दारातला पाय काढा आधी.