डायनासोर कशानं गेले?

आमच्या पालम गावच्या मामांना गप्प बसणं जमतच नाही. माझी बायको गेली तेव्हा ते भेटायला आले. माझं मन रमवायला मामा म्हणाले, "डायनासोर बी आसेच एकाएकी गेले. वरून धोंडा पडला."

शेजारचे मास्तर म्हणाले, "धोंडा न्हाई मामा, जवळचा तारा फुटला."

"तुमी बघायला गेलते का?"

"तुमी धोंडा झेलला का?"

लय जुंपली. शेवटी चप्पल घालत मामा ओरडले, "पुरावा घेऊन परत येतो!"

सगळे दचकले. पुन्हा तशी वेळ नको म्हणून दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. मामांनी जीभ चावली.

मला मात्र हसू फुटलं. म्हणालो, "या मामा. डायनासोरांचं सुतक आपल्याला नाही."