कर्जाच्या गाडीला कुंकू

गेनबा आणि सरुबाई मांजरी गावाहून पहिल्यांदाच मेट्रोत बसायला आलेत, हे मंडई स्थानकातल्या सगळ्या रांगेला एव्हाना कळलं होतं. रोज याच मेट्रोनं जाणारी शर्मिला त्यांच्या मागेच उभी होती.

"ही मेट्रो परदेशी बँकेच्या कर्जातनं झालीया म्हणं," गेनबा बायकोला म्हणाले.

"अवं, मग फेडायचं कुणी?"

"आपणच. कापडावर, तेलावर कर भरतो, त्यातनं. आपल्यामागं नातू फेडंल."

"म्हंजी आपल्या ट्रॅक्टरवाणीच. त्याला आल्या दिवशी कुंकू लावलं व्हतं."

"हितं नको लावू. पकडत्याल."

"हप्ता आपला, मग गाडी कुणाची?"

सरुबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

शर्मिला हळूच पुढे वाकली. "आजी, गाडीला नको. त्या खांबाला लावा. तिथं कॅमेरा पोचत नाही."