पट्टा वाजत नाही

चालत्या गाडीला हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही. आमच्या जयवंतकाकांचा नियम आहे हा, आणि मुलुंडच्या आमच्या घरात काका बोलले की बाबासुद्धा मान डोलावतात, मग माझं कोण ऐकतंय... तुम्हाला सांगते, दमले मी आता.

प्रश्न केवढासा? इंजिनात एक रबरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, साठ हजार किलोमीटरला बदला. तर काका म्हणतात, "मीटर बघ ना, अकरा हजार. कोरी आहे गाडी." अकराच असणार ना, पाच वर्षांपूर्वी गाडी आली, नारळ फोडला, आणि वर्ष सरताच काकांनी मीटरची केबल काढून ठेवली, विकताना भाव यावा म्हणून! दसऱ्याला तेवढी जोडतात, पूजेच्या फेरीला काटा हलायला हवा. आता पट्ट्याला कोण समजावणार, की बाबा रे, तू धावलाच नाहीस?

मग मीच गणित मांडलं. काकांची नोकरी, रोज मुलुंड ते माहुल जाऊन-येऊन छत्तीस, वर्षातून दोनदा गाव, पाच वर्षं... बासष्ट हजार. काकांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. "आपल्या जुन्या फियाटला पट्ट्याच्या जागी चेन होती, झिजली की खडखडायची. हा पट्टा वाजतो का? नाही ना? मग चालत्या गाडीला हात लावायचा नाही." धाकू मेकॅनिक समोरच उभा होता, म्हणाला, "काका, चेन बोंबलते तरी. पट्टा काय सांगून तुटत नाय." "तू गप रे, तुला गिऱ्हाईक हवंय."

आणि जायचंय कुठे, तर खेडला. काकांची मुलगी सुगंधाताई तिथे सासरी, सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आणायची. एसटीत हादरे बसतात म्हणून गाडी, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून चालवणार मी, बाबांनी तर स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. कशेडी घाटात पट्टा तुटला, इंजिन बंद पडलं, तर ताईला घेऊन काय कठड्यावर बसू? काकी म्हणते, "शुभ बोल गं." बाबा म्हणतात, "दादा सांगतोय ना, चालत्या गाडीला हात लावायचा नाही."

आज सकाळी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, पट्टा बदलल्याशिवाय मी चालवणार नाही. का आलो नाही ते ताईला तुम्हीच कळवा.

काकांनी पेपर उघडला. बाबांनी काकांकडे बघितलं. काकी तांदूळ निवडत राहिली. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी धाकूला फोन करायला वाण्याकडे मीच उतरले.