वाटीतलं तुळशीचं पान

हुडकेश्वरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते. एकाची सून त्याचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं आत गेली होती.

"काल सुनेनं फळं चिरून वाटीत देल्ले. टरबूज, खरबूज, आंबा. गॅस पेटवला नाही, दहा मिनिटांत तयार."

"उन्हाळ्यात चांगलंच हाये ना गा, उत्तमराव."

"वरतून तुळशीचं पान टाकलं!"

"वासासाठी टाकलं असन."

"माणसाच्या तोंडात तुळस कधी ठेवतात, तुले मालूम नाही काय? मी तं चांगला बसून टीव्ही पाहून राहिलो होतो."

"सगळ्यायच्याच वाटीत असन ना."

"होतं सगळ्यायच्या. पण आंबा माह्या वाटीत जास्त."

"आता आंब्यावरही शक?"

"मले शुगर हाये. चार वर्षं या पोरीनं मले आंब्याची कोय चाटू देल्ली नाही. काल रिपोर्ट आले अन् स्वतःच्या हातानं आंबा वाढला. काहून?"

दार उघडलं. सून फाईल पिशवीत खोल कोंबत बाहेर आली.

"चला बाबा. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही. जे आवडते ते खा."

"आयकलं काय गा?"