नकाशावर रंगवलेले डोंगर

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलनीच्या नागरिक मंडळाचे संस्थापक, सन्माननीय हंबीरराव इंगवले साहेब; व्यासपीठावर विराजमान झालेले शाळा समितीचे सर्व सभासद; ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, निवृत्त परिचारिका श्रीमती मीनाबाई शिंगे; आईला न्यायला पुण्याहून आलेल्या त्यांच्या कन्या सोनमताई; समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि तीनदा सांगूनही कठड्यावरून खाली न उतरलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना नमस्कार आणि जयभीम.

मी कृष्णात चौगले. हायस्कूलात चित्रकला शिकवतो आणि गेली सोळा वर्षं या मंडळाचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी का झालो, तर अक्षर बरं आहे म्हणून. दुसरा काही गुण नव्हता आणि आजतागायत कुणाला सापडलेला नाही.

सुरुवातीलाच एक कबूल करतो. ऊन उतरून बकुळीच्या बुंध्यापाशी आलं की या वाटिकेत मला भाषणबिषण काही सुचत नाही. नुसतं बघत राहावंसं वाटतं. आत्ताही बघा, करंजाची पानं हलतायत आणि त्यांच्या सावल्या अध्यक्षांच्या पांढऱ्या टोपीवरून सावकाश फिरतायत. साहेबांना त्याचा पत्ताही नाही. आमच्या घरी म्हणतात, ह्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं तर हे आभाळ बघून रिकामी पिशवी घेऊन परत येतात. खरं आहे. मी स्वप्नाळू माणूस. अशा माणसाच्या हातात कॉलनीचा नकाशा दिला की काय होतं, तेच आज सांगणार आहे.

मंडळानं माझ्यावर दोन कामं सोपवली आहेत. पहिलं, मीनाबाईंचे आभार मानायचे. दुसरं, त्यांना एक विनंती करायची. ती विनंती काय, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंना कुणी सांगितलेलं नाही, पण त्यांनाही ते कळलं असणार. आपल्या प्राथमिक शाळेचं छप्पर गळतं. एक संस्था शाळेला दोन खोल्या आणि एक वाचनालय बांधून द्यायला तयार आहे. अट एकच, जागा मंडळाच्या नावावर हवी. आणि संस्थेनं कागद तपासले तेव्हा पक्कं झालं, आपण जिथं बसलोय ती ही वाटिकेची जागा, सत्तावीस नंबरचा प्लॉट, कागदोपत्री मीनाबाईंच्या नावावर आहे. तेव्हा बाईंनी पुण्याला जाण्याआधी ती मंडळाला बक्षीस द्यावी, अशी ही विनंती. शाल-श्रीफळ झाल्यावर, चारशे माणसांसमोर. परवाच्या बैठकीत साहेब मला म्हणाले, "मास्तर, तुमीच इच्चारा. भरल्या सभेत बाई न्हाई म्हणायच्या न्हाईत."

तर ती विनंती माझ्या खिशात आहे. त्याआधी नव्या लोकांच्या मनातला एक प्रश्न. बाईंची जागा आणि आपली वाटिका, हे झालं कसं? कुणी म्हणतं, बाईंनी वापरायला दिली. कुणी म्हणतं, भाड्यानं आहे. काय झालं ते मला एकट्यालाच माहीत आहे.

एक्क्याण्णव साली इथं अकरा घरं होती, बाकी सगळं माळरान. कॉलनीच्या दोन टोकांना सारख्याच मापाचे दोन रिकामे तुकडे. एक उत्तरेला ओढ्याकडं, एक दक्षिणेला, हा इथला. त्यातला एक बागेसाठी सोडलेली खुली जागा आणि दुसरा कुणाचातरी प्लॉट. साहेबांनी मला मूळ नकाशा दिला आणि म्हणाले, "मोठा करून कार्यालयात लावा. जरा बगण्यासारखा करा." साहेब, बघण्यासारखा करा, असं चित्रकलेच्या मास्तरला कधी म्हणू नये.

मी आठ दिवस खपलो. घरं गेरूनं केली, रस्ते पिवळे, बाग हिरवीगार. नकाशात उत्तर वर असते, ती मी वरच ठेवली. पण वरची बाजू मोकळी मोकळी वाटायला लागली. तेव्हा तिथं मी कात्यायनीचे डोंगर रंगवले. निळे, धुक्यातले. आता कात्यायनी आपल्या दक्षिणेला, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. पण चित्रात डोंगर वरच असतात की! खाली डोंगर आणि वर घरं असं चित्र कुणी काढलंय? आणि उत्तर दाखवणारा बाण आभाळात खुपत होता, तो मी पुसून टाकला.

मग काय व्हायचं ते झालं. माणसं कार्यालयात आली, नकाशा बघितला, वा वा झालं. डोंगराच्या अंगाला हिरवी बाग. बाहेर येऊन डोंगराकडं तोंड केलं आणि सगळे इकडं, दक्षिणेला चालत आले. घरं बांधणाऱ्यांनी आपापली मोजणी आणून बांधली. बागेसाठी मोजणी कुणी आणली नाही. बागेसाठी मास्तरांचं चित्र होतं.

आणि काय दिवस होते ते! एकोणीस झाडं आपण लावली. साहेबांनी स्वतः घागरीनं पाणी घातलं. पावसाळा सरला की शाळेचा चौथीचा वर्ग इथं बसायचा. पाढ्यांचा आवाज घरात ऐकू यायचा आणि मी खिडकीशी उभा राहून म्हणायचो, आपण स्वप्नात बघितलं होतं तसंच सगळं झालं. मी खरंच सुखात होतो.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, दुपारी, फाटकातून एक बाई आत आल्या. सुती साडी, हातात पिशवी, मागं गुंडू गवंडी चुन्याची पाटी घेऊन. बाईंनी झाडं बघितली, पोरं बघितली आणि विचारलं, "हितं सेक्रेटरी कोण हाय?"

"मीच. काय काम होतं?"

"सत्तावीस नंबरचा प्लॉट कुठला?"

मी ओढ्याकडं हात केला. "त्यो तिकडं, बाभळीत."

"न्हाय," बाई म्हणाल्या. "ह्योच हाय. आमच्या मालकांनी घेतलेला. ते गेले, आन् मी नोकरीवर राधानगरीत अडकलो. आता घर बांधायला आलोय."

आणि त्यांनी पिशवीतनं नकाशा काढला. साधा, काळ्या रेघांचा. वर कोपऱ्यात तो बाण. तो बाण बघितला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरंतर ती जमीन माझ्या पायाखालची नव्हतीच, बाईंची होती.

बाई काही ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, झाडं तुमची, जमीन माजी. आता कसं करायचं ते तुमीच सांगा की."

मी म्हणालो, "सरकारी मोजणी आणूया, मग बघू."

गुंडू म्हणाला, "चुना घेऊन आलोय त्याचं काय करू?" बाईंनी जरा विचार केला. "आख," म्हणाल्या. "झाडाला हात लावू नगंस. मधनं मधनं आख." आणि त्या दुपारी गुंडूनं झाडांच्या मधून घराच्या रेषा मारल्या. सोपा, सैपाकघर, आतली खोली, न्हाणी. पोरं पाढे सोडून बघत बसली.

चुना दोन महिन्यांत पुसला. घर मात्र राहिलं. बाई महिन्यातल्या एका रविवारी राधानगरीहून यायच्या, डबा घेऊन जांभळाखाली बसायच्या. पोरांनी विचारलं, "मावशी, हितंच का बसता?" तर म्हणाल्या, "ह्ये माजं सैपाकघर न्हवं का?" मग पोरांना नादच लागला. बकुळीपाशी दार, तिथून आत जायचं. भिंतीतून कुणी पळालं तर बाकीची ओरडायची, "ए, डोस्कं आपटंल!" बहाव्याखाली सोनमची खोली. बहावा फुलला की बाई म्हणायच्या, "पोरीच्या खोलीला रंग दिलाय." सोनमताई, तुम्ही त्या खोलीत एकदाही राहिला नाहीत, पण कॉलनीतली निम्मी पोरं तिथं लपाछपी खेळून मोठी झाली आहेत. आणि आकाराम, हसू नकोस, तू आत्ता खुर्ची टाकून बसलायस ते बाईंचं न्हाणीघर आहे.

मीही ते घर बघायचो. दुपारच्या उन्हात कधी कधी खरंच दिसायचं, दारापुढं रांगोळी, कोनाड्यात बुद्धमूर्ती, चुलीवर काहीतरी शिजतंय. ते बघताना मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून मी पुढं काही करत नव्हतो. बाईंना बसायला, शिजवायला, झोपायला खरं घर पाहिजे होतं. मी त्यांना झाडाखालचं चित्र दिलं आणि वरून त्याचं कौतुक करत बसलो.

आता पुढचं सांगताना माझी जीभ अडखळणार आहे, सांभाळून घ्या.

नव्याण्णव साली मोजणी झाली. मोजणीदार आले, खुणा रोवून गेले आणि महिन्यानं मोजणीचा नकाशा मंडळाच्या नावानं पोस्टानं आला. तो मी उघडला. जागा बाईंचीच होती, एक फूट इकडं नाही की तिकडं नाही. खुली जागा ओढ्याकडची. मी तो कागद घडी घालून कपाटात, माझ्या रंगांच्या डब्याखाली ठेवला. अध्यक्षांना सांगितलं, मोजणीचा नकाशा यायला वेळ लागणार. बाईंना सांगितलं, अजून आली न्हाई.

बाई दर खेपेला विचारायच्या. "मास्तर, आली व्हय मोजणी?" मी म्हणायचो, "न्हाई अजून. सरकारी काम." पुढं दोन हजार चार साली त्या निवृत्त झाल्या आणि आकारामच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आल्या. स्वतःच्या जागेपासून शंभर पावलांवर. आपल्या पोरांना ताप आला की आपण त्यांचंच दार वाजवलं. माझ्या आईची अखेरचे तीन आठवडे सेवा त्यांनी केली. त्या दिवसांत एकदा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या असताना त्यांनी सहज विचारलं, "आली व्हय मोजणी?" आणि मी, आईच्या उशाशी उभा राहून, न्हाई म्हणालो. त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.

का केलं मी असं? झाडांसाठी, पोरांसाठी, शाळेसाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. पण एक विचारतो. हा प्लॉट हंबीरराव साहेबांचा असता, तर तो कागद मी आठ वर्षं कपाटात ठेवला असता का? आठ दिवस ठेवला नसता. संध्याकाळच्या आत धावत जाऊन हातात दिला असता. एकटी बाई आहे, आणि कुठल्या घरची बाई आहे, हे माझ्या मनात कुठंतरी होतं. चांगल्या कामाच्या नावाखाली ते मी झाकून ठेवलं. मला त्याची लाज वाटते.

साहेब घड्याळ बघतायत. साहेब, आज पाच मिनिटं जास्त द्या, पुन्हा कधी मागणार नाही.

आता आकारामच्या मुलाचं, राजवर्धनचं लग्न ठरलंय. त्याला त्या खोल्या लागणार, त्याचं काही चुकलं नाही. बाईंना जायला जागा नाही, म्हणून त्या पुण्याला चालल्या आहेत, लेकीच्या दोन खोल्यांत. परवा सामान बांधताना मी विचारलं, "बाई, पुण्यात करमंल का?" तर म्हणाल्या, "न्हाई करमायचं. पर इथं ऱ्हायाचं कुठं, मास्तर?" लक्षात घ्या, मंडळी. सत्तावीस नंबरच्या मालकीणबाई आपल्याला विचारतात, राहायचं कुठं! आणि आपण त्यांना शाल देऊन, निरोप देऊन, वर तीच जागा मागायला बसलोय.

मला तुमच्या वतीनं विनंती करायला सांगितलं होतं. ती मी करणार नाही. अध्यक्षसाहेब, मी मंडळाचा शब्द मोडतोय. सेक्रेटरीपदाचा राजीनामा तुमच्या पुढ्यातल्या फुलांखाली ठेवलाय. खोल्यांचं काम लांबेल. पोरांना अजून एक पावसाळा गळक्या छपराखाली काढावा लागेल, कदाचित दोन. त्याचा बोल मला लावा. ओढ्याकडची खरी खुली जागा अजून बाभळीत तशीच पडून आहे. तिथं काय करता येईल याचे अर्ज मी उद्यापासून लिहीन. अक्षर अजून बरं आहे.

सोनमताई, जरा पुढं या. आईच्या हातात हे द्या. हा मोजणीचा नकाशा, सही-शिक्क्याचा. कडेला निळा रंग लागलाय, तो माझा. आणि ही या फाटकाची किल्ली.

मीनाबाई, आजपर्यंत मी तुम्हाला सांगत आलो, बघू. आता तुम्ही बघा. घर बांधायचं असेल तर गुंडू अजून हाय, धडधाकट हाय. एखादं झाड आड येत असेल तर सांगा, कुऱ्हाड मी स्वतः आणतो. पोरांना आत येऊ द्यायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं. उद्या सकाळी आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे राहू.

माझं भाषण लांबलं. मांडववाले, माईकवाले, सतरंज्या घालणाऱ्या भगिनी, सगळ्यांचे आभार. अध्यक्षांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर सभेनं उदार मनानं पोटात घालावं. बाई, तुम्ही मात्र घालू नका. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं बोला. आणि निरोपाचं म्हणाल, तर या जागेत उभं राहून तुम्हाला निरोप देणारे आम्ही कोण? कार्यक्रम संपल्यावर आम्ही निघतो. तुम्ही बसा.